मशीन बंद असताना

ओरेगनहून पाकीट आलं तेव्हा मी दुकानात मिसेस बकलीच्या केसांना रोलर लावत होते. मला पाकिटावरून माणूस कळतो. ह्या गार्थ पेलोशी ही माझी पहिलीच देवाणघेवाण, पण पाकीट बघून जीव सुखावला. किराण्याच्या पिशवीचा खाकी कागद, आत कॅसेटी विनाडबीच्या, कारण डबीचं वजन उगाच टपालात कशाला घालायचं? आणि परतीच्या पाकिटावर तिकिटंसुद्धा चिकटवलेली. म्हटलं, चला, ह्याला कुणीतरी वळण लावलेलं दिसतंय.

आम्हा टेपवाल्यांत वळणाला फार महत्त्व. कार्यक्रमात जाऊन गाणं टेप करायचं, घरी त्याच्या प्रती काढायच्या आणि टपालाने एकमेकांना द्यायच्या. त्याचे पैसे घेतलेत की तुम्ही मेलात आम्हाला. मूळ कॅसेट घराबाहेर काढायची नाही. आणि चालू टेप-मशीनजवळ तोंड उघडायचं नाही. माईकशेजारी शिंकणाऱ्याला आम्ही वर्षभर नावं ठेवतो, बोलणाऱ्याला तर जन्मभर.

सोबत चिठ्ठी होती. ‘ओडेल मेब्री, कोलंबस, गेला ऑक्टोबर. त्याने मशीन बंद करायला लावून म्हटलेलं ते गाणं ह्यात आहे! कुणी घेतलं कोण जाणे. मध्ये एक बाई बडबडते, तेवढं सोडलं तर आवाज अप्रतिम.’

माझ्या हातातला रोलर खाली पडला.

कोलंबसच्या त्या कार्यक्रमाला मी होते. व्हर्लिन स्ट्रेक माझ्या शेजारीच, माईकचा दांडा रोवून. हा व्हर्लिन डेटनचा. आमची ओळख टपालातली, पण इतक्या वर्षांची की भाऊ म्हणा ना. माझी आई गेली तेव्हा ह्याने स्तोत्रांची कॅसेट पाठवली होती, सोबत एक शब्दही न लिहिता, आणि मला तेच बरं वाटलं होतं. मेब्री आम्हाला टेप करू देतो, पण त्याच्या दोन अटी. विकायचं नाही आणि तो बंद म्हणाला की बंद. त्या संध्याकाळी शेवटी तो म्हणाला, "हे गाणं घर सोडून गेलेल्या माझ्या बायकोचं आहे. मला ते कॅसेटवर नको. मित्रांनो, बंद करा." खटाखट बटणं दाबली गेली. मी माझं दाबलं. व्हर्लिनचा अंगठाही बटणावर मी ह्या डोळ्यांनी पाहिला.

मग गाणं सुरू झालं आणि मला काय झालं कोण जाणे. वर्षानुवर्षं त्या माईकांशेजारी मुकाट उभी राहिलेली बाई मी. मशिनं बंद आहेत म्हणताच तोंड सुटलं. व्हर्लिनच्या कानाशी लागून मी बोलत सुटले आणि गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या तरी बोलतच होते.

मिसेस बकलीला ड्रायरखाली बसवलं, मागच्या खोलीत जाऊन कॅसेट घातली. मेब्रीचा आवाज आला आणि त्याच्या आवाजावर माझा.

‘मीपण गेले होते रे एकदा. लीलंडने छपरावरून पडून पाठ मोडून घेतली त्या हिवाळ्यात. बहीण आजारी आहे म्हणून सांगितलं आणि टोलेडोची बस धरली. आजारी कसली, धडधाकट होती. मला परत यायचंच नव्हतं. आले ती माझ्या टेपांसाठी.’ आणि मग माझं ते मेलं हसणं. त्यानंतर टाळ्या उसळल्या आणि मी त्यात बुडाले.

"नवीन गाणं का गं, वेल्मा?" मिसेस बकलीने ड्रायरखालून ओरडून विचारलं.

"जुनंच आहे," मी म्हटलं आणि कॅसेट बाहेर काढली.

लीलंड म्हणजे माझा नवरा. टोलेडोचं खरं कारण त्याला ठाऊक नव्हतं आणि कधी कळू द्यायचंही नव्हतं मला. आता घरी येणारी प्रत्येक कॅसेट लीलंड आपल्या ट्रकमध्ये लावून ऐकतो. ही आज दुकानाच्या पत्त्यावर आली म्हणून वाचले. उद्या दुसऱ्या कुणी घरी पाठवली तर? मी ती ॲप्रनच्या खिशात कोंबली, मिसेस बकलीचे केस कसेबसे उरकले, दाराला कुलूप घातलं आणि गाडी काढली. आमच्या फोर्ट वेनपासून व्हर्लिनच्या डेटनपर्यंत मी रेडिओसुद्धा लावला नाही.

व्हर्लिन अंगणात मशीनने गवत कापत होता. मला पाहून त्याने मशीन बंद केलं. हे बरं बंद करता आलं त्याला!

"वेल्मा? अगं, फोन तरी करायचास. आत ये, कॉफी घे."

"कॉफी गेली चुलीत. ओडेलने बंद करा म्हटलं तेव्हा तू काय केलंस?"

त्याचा चेहरा पडला. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही त्याने.

"अंगठा ठेवला होता गं. दाबवेना. ते गाणं पुन्हा कुणालाच ऐकायला मिळालं नसतं."

"अरे, मग त्याला तेच तर हवं होतं! त्याच्या बायकोचं गाणं आहे ते, तुझ्या बायकोचं नाही!"

"एकालाच दिली मी. कुणाला देणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेऊन."

"आणि त्याने दुसऱ्याला दिली, शपथ घेऊनच. ओरेगनपर्यंत पोचली, व्हर्लिन! तिथला एक जण मलाच लिहितो की एक बाई बडबडते. ते तरी कापायचंस ना, माझं बोलणं."

तेव्हा हा गृहस्थ ताठ उभा राहिला. चर्चमध्ये उभं राहतात तसा.

"आपल्यात कापाकापी करत नाहीत, वेल्मा. जसं आहे तसं पुढे द्यायचं. तूच शिकवलंस मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद कर म्हटलेलं मशीन चालू ठेवताना ह्याला नियम आठवला नाही, आणि माझी अब्रू पाकिटात घालून पाठवताना बरोबर आठवला! मी म्हटलं, "आईच्या वेळी तू एक शब्द लिहिला नाहीस, म्हणून तुला शहाणा समजले मी. केसानं गळा कापलास रे माझा."

तो रडकुंडीला आला. येईना का.

"मूळ कॅसेट आण," मी म्हटलं.

मुकाट्याने आणून दिली. गाडीपर्यंत मागे मागे आला आणि काचेशी वाकून म्हणाला, "लीलंडशी बोल एकदा."

"त्याचं नाव काढू नकोस! त्याला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं ना?"

तो आपल्या बुटांना चिकटलेल्या गवताकडे बघत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी रागाने आंधळी झाले होते. वाटेत ठरवलं, ही मूळ कॅसेट जाळायची. बाहेर गेलेल्या प्रतींचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

घरी आले तर लीलंडने कालचं खिम्याचं मीटलोफ गरम करून ठेवलं होतं. दोन ताटल्या मांडलेल्या.

"डेटनला गेली होतीस," तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"व्हर्लिनचा फोन आला मघाशी. तू निघालीस म्हणून." त्याने माझ्या ताटलीत एक तुकडा वाढला. "बस. त्याचा पहिला फोन मार्चमध्ये आला होता."

मी बसले.

"तुला विचारायची हिंमत नव्हती त्याची," लीलंड सांगू लागला. "विचारलं असतं तर मशीन चालू होतं हे तुला कळलं असतं. म्हणून मला विचारलं. वेल्माचं बोलणं काढून टाकू का, म्हणाला. मी म्हटलं, आधी ऐकव तर खरं. त्याने रिसीव्हर स्पीकरला लावला आणि मी इथे, ह्याच खुर्चीत बसून ऐकलं."

"आणि?"

"मी म्हटलं, राहू दे. कापू नकोस."

"लीलंड!"

"मला ऐकावं लागलं ना? मग ऐकू दे सगळ्यांना." तो आवाज चढवत नाही कधी. तेव्हाही चढवला नाही.

मार्चपासून हा माणूस माझ्याशेजारी झोपत होता, माझ्याकडून केस कापून घेत होता, रविवारी माझ्यासाठी पॅनकेक करत होता. आणि तिकडे माझं बोलणं त्याच्याच परवानगीने देशभर फिरत होतं.

"माझ्या आवाजाचं काय करायचं ते तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत?" मी ओरडले. "बंद मशीनसमोर बोलले होते मी! बंद! मला विचारावंसं एकालाही वाटलं नाही?"

"तू टोलेडोला गेलीस तेव्हा मला विचारलं होतंस?" तो म्हणाला. "मी पलंगावरून उठू शकत नव्हतो, वेल्मा. तुझ्या बहिणीला बरं वाटू दे म्हणून प्रार्थना करत होतो मी. खरं काय ते मला नाही सांगितलंस. व्हर्लिनला सांगितलंस."

मीटलोफ गार होत होतं. मूळ कॅसेट आमच्या दोघांमध्ये टेबलावर पडली होती.

"पुढचं ऐकलंस का तू?" शेवटी मी विचारलं.

"पुढे टाळ्या आहेत."

"त्या टाळ्यांत मी बोलत होते. टेपांसाठी आले, हे खरंच. पण दार उघडलं तर तू पाठीला पट्टा बांधून, तोंडात खिळे धरून उभा. माझ्या टेपांसाठी फळ्या ठोकत होतास. डॉक्टरने उठायचं नाही म्हणून बजावलेलं असताना. राहिले ती त्या माणसासाठी, असं म्हटलं मी व्हर्लिनला. शपथ, लीलंड."

कॅसेट उचलून तो दिवाणखान्यात गेला. त्याच फळ्यांखाली आमचं मशीन आहे. त्याने कॅसेट घातली, पुढे नेली आणि पाठ दुखत असतानाही गुडघ्यांवर बसून कान स्पीकरला लावला.

टाळ्या वाजल्या. त्याने मागे घेऊन पुन्हा लावल्या. मग आवाज वाढवला आणि डोळे मिटून पुन्हा ऐकल्या. मी दारात उभी होते. काहीतरी ऐकू यावं असं मला जितकं वाटत होतं तितकंच त्यालाही वाटत होतं, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"टाळ्याच आहेत, वेल्मा," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा मागे घेतलं.