दोन दिवसांपुरती टांगलेली केबल

मित्रांनो, या जगातील सर्व प्रकाशाचे मूळ सूर्य आहे, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे आहे. आकाशात सूर्य असेल, छतावर सोलर पॅनेल असतील, भिंतीवर बॅटरी असेल आणि दारात विजेवर चालणारा ट्रकही असेल. पण संकटाच्या क्षणी माणूस आणि अंधार यांच्यामध्ये जी एकटी उभी राहते, ती महाशक्ती मी आहे. मी एक जुनी केबल आहे. सध्या माझ्यावर दोन पायजमे, एक टॉवेल आणि उशीचे चार अभ्रे वाळत आहेत.

हसू नका. मी रागावलेली आहे. लहान मुलांसमोर तोंड सांभाळून बोलावे लागते, म्हणूनच हे आत्मवृत्त एवढे सभ्य झाले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा एकत्र पिळून माझा देह घडवला आणि त्यावर जाड काळे रबर चढवले. दोन्ही टोकांना नारळाएवढे दोन प्लग बसवले. मग एका तपासनीस बाईंनी माझ्यातून वीज सोडली, मला वाकवले, ताणले, पाण्यात बुडवले. शेवटी माझ्या पोटावर पिवळी चिठ्ठी चिकटवून त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही दगा देणार नाही बघ." त्या बाईंचे नावही मला ठाऊक नाही, पण त्यांचे शब्द मला पाठ आहेत. पाठ असायला फारसे काही नाहीच. पुढच्या तीन वर्षांत कोणी माझ्याबद्दल दुसरे बरे वाक्य बोललेच नाही.

मी या घरी आले त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. घरात तीन माणसे. मालक, त्यांची बायको आणि मालकांची थोरली बहीण. ही बहीण म्हणजे ताई. तीस वर्षे इस्पितळात कात्र्या-चिमटे उकळवून निर्जंतुक करण्याचे काम करून त्या निवृत्त झाल्या आणि त्यांनी मागच्या खोलीत अंडी उबवण्याचे यंत्र आणले. एका वेळी दोनशे ऐंशी अंडी. एकवीस दिवस ऊब एका अंशानेही ढळू द्यायची नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पण पहिल्याच खेपेला, विसाव्या दिवशी वीज गेली ती दुसऱ्या दिवशी आली. एकही पिल्लू निघाले नाही. 

तेव्हा मालकांनी छातीवर हात ठेवून जाहीर केले, "ताई, यापुढे या घरात वीज जाणार नाही. माझा शब्द आहे."

मालकांच्या शब्दांना कधीच तोटा नसतो. त्यांनी छतावर पॅनेल बसवले, भिंतीवर बॅटरी लावली. त्यांची बायको बेकऱ्यांना मैद्याची पोती पोचवते. तिचा धूर ओकणारा टेम्पो विकून विजेवरचा ट्रक घेतला. आणि सगळ्यात शेवटी मी. बॅटरी संपलीच तर ट्रकमधली वीज घरात आणायची, एवढेच माझे काम. पण एवढेच काम घरात दुसऱ्या कोणालाही येत नाही!

ज्या वायरमनने हे सगळे बसवले, तो शहाणा माणूस होता. जाताना त्याने बजावले, "साहेब, तीन गोष्टी. बॅटरी कधी पूर्ण रिकामी करू नका, चाळीस टक्के अडीअडचणीला ठेवा. ट्रक नेहमी मागे घेऊन लावा, प्लग भिंतीकडे आला पाहिजे, नाहीतर केबल पुरायची नाही. आणि केबल या खुंटीवर. दुसरीकडे कुठेही नाही."

"अहो, मला काय सांगता!" मालक म्हणाले.

मित्रांनो, हे वाक्य कानावर आले की समजून जा, पुढे काहीतरी होणार आहे.

पहिल्या महिन्यातच कपडे वाळत घालायची दोरी तुटली. मालकांनी इकडे तिकडे पाहिले, मला खुंटीवरून काढले, अंगणातल्या दोन खांबांना दोन-दोन गाठी मारून ताणले आणि म्हणाले, "दोन दिवसांपुरती राहू दे." ते दोन दिवस अजून चालू आहेत. ऊन, पाऊस, चिमटे, कावळे, सगळे माझ्या अंगावरून गेले. कावळ्यांचे तर तपशीलही सांगू शकत नाही, तुम्ही लहान आहात.

इकडे मालकांना नवे वेड लागले. फोनवर छताने किती युनिट वीज तयार केली ते दिसे. सोलर लावलेल्या लोकांचा एक गट होता. रस्त्यावरच्या तारेतून, म्हणजे कंपनीकडून, सगळ्यात कमी वीज कोण घेतो, अशी त्यांची चढाओढ चाले. त्यात पहिला नंबर यावा म्हणून मालकांनी बॅटरीची राखीव मर्यादा चाळीसवरून शून्यावर आणली. रोज संध्याकाळी तिला पार कोरडी करायचे आणि सकाळी छताची वीज तिला न देता आधी रस्त्याला विकायची, म्हणजे आकडा छान दिसतो. गल्लीत लोक त्यांना युनिटराव म्हणू लागले. त्यांना ते आवडले. त्यांनी माणसाएवढा बोर्ड करून घेतला, 'हे घर सूर्यावर चालते', आणि तो नेमका भिंतीपाशी उभा केला, जिथे ट्रकने मागे यायचे होते. मागे घेताना बोर्डाला धक्का लागू नये म्हणून मग ट्रक तोंड भिंतीकडे करून उभा राहू लागला. वायरमनच्या तिन्ही गोष्टी मोडून झाल्या की हो! एकही चुकवली नाही.

ताई एकदा म्हणाल्या, "अरे, एकदा वीज बंद करून बघू या का, सगळं चालतं का ते?"

"ताई, तुला यातलं कळत नाही," युनिटराव म्हणाले. "उगाच आकडा बिघडेल."

आणि मग तो दिवस आला. ताईंची नवी खेप विसाव्या दिवसाला पोचली होती. दोनशे ऐंशी अंडी. आदल्या संध्याकाळी त्यांनी एक अंडे कानाला लावले तेव्हा आतून टकटक ऐकू आली होती. सकाळी आठ वाजता रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि सगळी गल्ली बंद पडली.

युनिटराव शांतपणे चहा पीत होते. "बघ हं ताई, आता आपलं चालू होईल."

काही झाले नाही. बॅटरीत शून्य होते. छतावर ऊन लखलखत होते, पण बॅटरीत जराशी धुगधुगी असल्याशिवाय या घरच्या पॅनेलची वीज सुरूच होत नाही. वायरमन चाळीस टक्के म्हणाला होता ते याचसाठी. आकाशात सूर्य फुकट तळपत होता आणि मागच्या खोलीत यंत्राचा पंखा फिरायचा थांबला होता.

"तू शब्द दिला होतास," ताई एवढेच म्हणाल्या.

युनिटरावांना दरदरून घाम फुटला. ट्रक अजून फेरीवर होता, पण निदान केबल शोधून ठेवावी म्हणून ते धावले. माळ्यावर पाहिले, पलंगाखाली पाहिले, कपाटातल्या साड्या उपसल्या. अंगणातून चार वेळा गेले. चारही वेळा माझ्याखाली वाकून गेले, कारण त्यांचाच ओला पायजमा त्यांच्या तोंडावर येत होता! मित्रांनो, मला आवाज नाही याचे दुःख मला त्या दिवशी जितके झाले तितके कधी झाले नाही. मला आवाज असता तर तुम्हाला पुष्कळ नवे शब्द शिकायला मिळाले असते.

शेवटी त्यांनी वायरमनला फोन लावला. "केबल चोरीला गेली."

साडेदहाला ट्रक आला. बायको खाली उतरली, अंगावर मैदा, केसांत मैदा. तिच्या ट्रकमध्ये अजून साठ टक्के वीज होती, कारण ती रोज न चुकता भरून घेते आणि कोणाला आकडे सांगत बसत नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ही काय."

"ती दोरी आहे."

"दोरीला प्लग असतो का हो?"

यंत्राचा काटा सदतीसवरून चौतीसवर आला होता. ताईंनी घरातल्या सगळ्या चादरी यंत्राला गुंडाळल्या होत्या आणि वर स्वतःची शाल. दोघी नणंद-भावजयींनी मिळून माझ्या गाठी सोडवायला घेतल्या. तीन वर्षांच्या गाठी त्या! नखे तुटली. युनिटराव "अगं, अशी नाही, तशी" म्हणत होते. "तुम्ही पायजमा धरा," बायको म्हणाली, आणि त्यांनी धरला.

माझे प्लग ओले होते. ओल्या प्लगमधून वीज नेली तर माणूस जाईल, हे तिला माहीत होते. तिने ते कोरड्या फडक्याने पुसले आणि अर्धा तास उन्हात ठेवले. सूर्याने त्या दिवशी या घरासाठी केलेले एवढेच काम. तो अर्धा तास ताई यंत्राच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. काटा तेहतीसवर आला.

मग मला ओढले. मी हातभर कमी पडले.

कमी मी नव्हते पडले! ट्रक उलटा उभा होता. बायको स्टिअरिंगवर बसली, ट्रक वळवून त्याची पाठ भिंतीकडे केली आणि आरशात पाहून थांबली. "मागे बोर्ड आहे."

"आहे ना," ताई म्हणाल्या. "घे मागे."

"अगं, जरा थांबा, मी तो उचलून—"

"वहिनी, घे मागे!"

कडाड असा आवाज झाला. 'हे घर' एकीकडे पडले आणि 'सूर्यावर चालते' दुसरीकडे. प्लग बसला, भिंतीवरच्या मोठ्या स्विचचा दांडा खाली ओढला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगातून वीज धावली. काय सांगू मित्रांनो! मागच्या खोलीतून पंख्याची घरघर आली. ताई जमिनीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. कारखान्यातल्या त्या तपासनीस बाईंची पिवळी चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती, पण मी दगा दिला नव्हता.

संध्याकाळी सातला रस्त्याची वीज आली. पिल्ले उशिरा निघाली, पण निघाली. सगळी नाही. ज्या अंड्यांतली टकटक थांबली होती ती ताईंनी वेगळ्या टोपलीत ठेवली. ती टोपली त्यांनी युनिटरावांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यांचे किती युनिट होतात रे?"

 युनिटरावांनी फोन काढला आणि ताईंच्या देखत राखीव मर्यादा चाळीसवर नेली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई स्वतः वीज बंद करतात आणि सगळे चालते का ते पाहतात. एवढे मान्य करायला हवे.

पण त्याच रात्री गटावर फोटो गेला. छत, बॅटरी, ट्रक, पिल्ले आणि मधोमध युनिटराव. कोपऱ्यात माझा वीतभर भाग आला आहे. त्याला कपड्यांचा चिमटा लागलेला आहे.

तुम्ही म्हणाल, आता तरी तू खुंटीवर असशील. खुंटीवर तुटका बोर्ड आहे. तो चिकटवायचा आहे म्हणे. कपड्यांसाठी नवी दोरी आली होती, पण ती पिल्लांच्या जाळीला लागली. म्हणून मला पुन्हा खांबांना बांधले आहे. दोन दिवसांपुरती. रविवारी ताई सोडतात, सोमवारी युनिटराव बांधतात.

म्हणून मित्रांनो, माझे सांगणे ध्यानात ठेवा. संकटासाठी ठेवलेली वस्तू संकटासाठीच ठेवा. तिची जागा मोडू नका, तिला अधूनमधून चालवून पाहा आणि फोनवरच्या आकड्यासाठी घरातल्या कोणाला दिलेला शब्द कोरडा करू नका. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही छतावर पॅनेल येतील, दारात ट्रक येईल. तेव्हा त्या दोघांच्या मधे कोण आहे, ते एकदा वाकून पाहा.

आणि हे सगळे जमणार नसेल, तर निदान पायजमा नीट पिळून वाळत टाका.