एका बाटलीत तीन पुड्या

माझा नवरा जीवराम म्हणजे केळीवाला माणूस. यावलजवळ आमची बाग आहे. झाड जरा सुस्तावलं की याचं औषध एकच, खताचा डोस वाढवा! पोटच्या पोरीलाही हा तेच लावेल, असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं हो मला.

धुळ्याच्या मैदानावर मयुरीची पोलीस भरती होती. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी. त्यासाठी रोज पहाटे उठून पळायची बिचारी. पिंप्राळ्याचा माझ्या नणंदेचा नीलेश जिमला जातो. त्याने ताकदीच्या पाण्याच्या तीन निळ्या पुड्या दिल्या आणि बजावलंही, "मामा, एका बाटलीला एकच पुडी. तीही तासभर घाम गाळला तर. आठशे मीटरला साधं पाणी पुरे."

ऐकेल तर तो जीवराम कसला! तिन्ही पुड्या एकाच बाटलीत ओतल्या. वर सकाळपासून पोरीला पाण्याचा थेंब घेऊ दिला नाही. म्हणे, "पोट जड होईन, मग धावशीन कशी?" धावायच्या आधी बापाच्या शब्दाखातर तिने ते काकवीसारखं घट्ट पाणी अर्धी बाटली गटागटा पिऊन टाकलं.

आम्ही दोघं जाळीबाहेर उभे. पहिल्या फेरीत पोरगी दुसऱ्या नंबरावर! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या फेरीत वळणावर तिने कूस दाबली, वाकली आणि भडाभडा निळं ओकली. अगं आई गं!

पण माझीच पोर ती. तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकले, उठायला लागली. वेळ होता अजून. "ऊठ मयुरी, ऊठ!" मी ओरडले. शेजारी बघते तर हा गायब! जाळीवरून उडी मारून थेट मैदानात. उघडी बाटली घेऊन पळत गेला, तिचा दंड धरला, "घे बेटा, अजून एक घोट घे, जोर येईन."

शिट्टी वाजली.

बाहेरच्या माणसाने मदत केली की उमेदवार बाद, हे सकाळीच भोंग्यावरून सांगितलं होतं. शिट्टीवाल्या साहेबांनी हात आडवा केला, मयुरी बाद. जीवराम त्यांच्या पाया पडायला गेला, ते मागे सरकले.

मयुरी रडली नाही. बापाचा हात दंडावरून हळूच काढला आणि म्हणाली, "आबा, मी उठत होते ना."