मोइराची लाल टिटवी

आमच्या क्लबात रंगाची परीक्षा घ्यायची रीत ठरलेली आहे. लाकडाच्या पट्टीला रंग द्यायचा, वर व्हार्निश, मग इंजिनाचं इंधन ओतून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी नखाने खरवडायचं. टवका निघाला की तो डबा बाद. इंग्लंडातल्या या लिंकनशायरच्या वाऱ्यात म्हातारपणी छोटी विमानं उडवणाऱ्यांना लोक येडपट म्हणतात, म्हणोत बापडे.

या खेपेला परीक्षा कडक होती. एडगरच्या बायकोने, मोइराने, आजारपणात त्याच्या विमानाच्या पंखावर टिटवी रंगवली होती, तुऱ्यासकट, आणि अख्खी लाल. टिटवी कुठे लाल असते, म्हणून आम्ही चेष्टा केली, तर म्हणाली, माझी असते. ती गेली आणि विमान खुंटीला लागलं. उडवत राहा, असं तिने बजावलं होतं, पण इंधन उडून चित्र जाईल याची एडगरला धास्ती. म्हणून सारा हिवाळा शेडच्या छपरावर पट्ट्या. शेवटी एक व्हार्निश पास झालं.

"पट्ट्यांना रंग कुठला दिलास?" मी विचारलं.

"माझ्याच डब्यातला लाल. ती दुसरा कुठून आणणार?"

"तरी शेपटीवर एक ठिपका लावून बघ आधी."

"तुझ्या टकलावर लावून बघतो, रेजी. तिच्या चित्रावर कसली परीक्षा घ्यायची?"

मीही हट्ट धरला नाही. त्या पाखराला नख लावायचं माझ्याही जिवावर आलं होतं.

रविवारी मी पंख धरला, त्याने कुंचला फिरवला. टिटवीचे पाय ओघळले. मग तुरा. त्याने हात मागे घेतला, पण चित्र विरघळतच राहिलं.

लाल झालेलं बोट त्याने नाकाशी नेलं.

"हा माझा रंग नाही," तो म्हणाला. "नेलपॉलिश आहे. तिचं."

मी पंख हळूच खाली ठेवला. तो बोलतच होता.

"हात थरथरायचे रे तिचे. माझे कुंचले धरवत नसणार. त्या बाटलीतली आखूड कुंचली तेवढी धरता आली असेल." मग पंखाकडे बघून म्हणाला, "मला सांगायचंस ना, बये."

मला रडू आवरेना. बाहेर येऊन छपरावरच्या पास झालेल्या पट्ट्या उतरवल्या. एकीचाही टवका उडाला नव्हता. मी साऱ्या गुडघ्यावर मोडल्या.