बेचाळीस दिवे आणि एक खोकं

खोकी बनवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला एखादी भेट द्यावी आणि गंमत बघावी. तो आधी खोकं उलटं करून त्याचा तळ बघतो. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तळाला ते बनवणाऱ्या कारखान्याचा गोल शिक्का असतो, हे बाकीच्या जगाच्या गावीही नसतं. दादाच्या लग्नात आलेल्या भेटी बाबांनी अशाच एकेक करून उलट्या केल्या होत्या, आणि नवरदेवाचे वडील किमती शोधताहेत असं वाटून वहिनीच्या माहेरची माणसं एकमेकांना कोपराने खुणावत होती.

बाबा आता घरी बसून पेपर वाचत. कारखाना दादा चालवी, आणि त्याची बहीण नमुन्यांची खोली सांभाळी. अडतीस वर्षांची झाली तरी यंत्रापासून फाटकापर्यंत सगळे तिला धाकटीच म्हणत. नवीन खोकं यंत्रावर जाण्याआधी त्याचा नमुना हाताने, सुरीने कापून करायचा, हे तिचं काम. चौदा वर्षं ती ते करत होती आणि अधूनमधून आपल्या डोक्यातलंही काही करून दादासमोर ठेवत होती. दादा ते हातात घेई, मान डोलवी आणि म्हणे, "बघू." त्या घरात 'बघू' म्हणजे नाही. हे सगळ्यांना माहीत होतं.

यंदा वर्षअखेरच्या भेटींचं काम दादाने तिच्या गळ्यात टाकलं.

"इतकी वर्षं कॅलेंडरं दिली," तो म्हणाला. "आता काहीतरी वेगळं बघ. गिऱ्हाइकं बेचाळीस आहेत, पण तू डोळ्यांसमोर एकच ठेव."

ते एक म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना. त्यांचा करार वर्षाबरोबर संपत होता. तिथल्या खरेदी विभागाच्या प्रमुख बाई नमस्कार करण्याआधी पर्समधून लोखंडी पट्टी काढायच्या, म्हणून इकडे त्यांचं नाव मोजपट्टीबाई. वाटेत कप फुटतात, अशी त्यांची वर्षभर तक्रार होती, आणि पुलापलीकडच्या खोकेवाल्यांना त्यांनी दोनदा बोलणी करायला बोलावलंही होतं. त्या गेल्या की दुसरं यंत्र बंद आणि त्यावरची सहा माणसं घरी. धाकटी त्या सहाही जणांबरोबर रोज डबा खाई.

पण निवडायचं काय? पेनं सगळ्यांच्या खणात पडून असतात. टॉवेल दिला तर माणूस विचार करतो, मी काय आंघोळ करत नाही की काय? चॉकलेट द्यावं, तर औषधवाल्या शेठना मधुमेह. घड्याळावर बाबांनी पेपरातून डोकं न काढता फुली मारली. "घड्याळ दिलं की आपला माल किती उशिरा पोचला, ते त्यांना मिनिटासकट कळतं." दादाने कपांचा सेट सुचवला. कप बनवणाऱ्यांना दुसऱ्याचे कप पाठवायचे? हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

शेवटी टेबलावरचा छोटा दिवा ठरला. दुधी काचेची टोपी, पितळी दांडा. उजेडाला कोण नाक मुरडणार? शुक्रवारी वाटायचे म्हणून मंगळवारी बेचाळीस दिवे आले, आणि धाकटी जरा खुशीत शीळ घालत असताना यंत्रावरच्या मिस्त्रींनी सवयीने एक खोकं उलटं केलं.

"धाकटीताई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जरा बसून घ्या."

तळाला शिक्का होता पुलापलीकडच्यांचा. बेचाळीसच्या बेचाळीस खोक्यांवर. खोकी विकून पोट भरणारे लोक आपल्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याच्या खोक्यातून भेट पाठवायला निघाले होते.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "वरून कागद चिकटवू."

"मोजपट्टीबाई आधी तो कागदच खरवडतील," धाकटी म्हणाली. "आपली खोकी करू."

"यंत्रं शुक्रवारपर्यंत मोकळी नाहीत."

"मला यंत्र नकोच."

ती स्टुलावर चढली आणि तिने कपाटाच्या माथ्यावरून धुळीने माखलेला एक नमुना खाली काढला. एकाच अखंड पुठ्ठ्याचं खोकं. गोंद नाही, पिना नाहीत, आत भुसा नाही. घड्याच अशा, की आतली वस्तू मधोमध अधांतरी राहते, कुठल्याच भिंतीला टेकत नाही. कपांसाठी म्हणून तिने ते तीन वर्षांपूर्वी केलं होतं, आणि साचे बदलावे लागतील म्हणून दादाने त्यावर "बघू" म्हटलं होतं. घड्या जरा बदलल्या की दिवा त्यात चपखल बसत होता.

बुधवारी सकाळपासून धाकटी सुरी घेऊन बसली. मिस्त्री घड्यांच्या रेघा दाबून देत होते. दादा दुपारी ओरडायला म्हणून आला, उभ्या उभ्या एक खोकं दुमडून बघितलं, ते उलटं झालं, दुसरंही उलटं झालं.

"बाहेरून आत, दादा," धाकटी म्हणाली. "आणि बस खाली. उभ्याने जमत नाही ते."

तो बसला. पाचव्या खोक्याला त्याचा हात बसला, आणि मग तो उठायचं नावच घेईना.

"पण वाटेत फुटला तर?" गुरुवारी संध्याकाळी त्याने विचारलं.

धाकटीने एक भरलेलं खोकं उचललं, माळ्याच्या जिन्यावर नेलं आणि वरून सोडून दिलं. धप्प आवाज झाला. दादाने डोळे घट्ट मिटले. मिस्त्रींनी खोकं उघडून दिवा काढला, प्लग लावला, बटण दाबलं. दिवा लागला.

"हं," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून 'हं' निघणं म्हणजे मोठीच मजल होती, आणि धाकटीला ते मनापासून आवडलं.

शुक्रवारी बेचाळीस खोकी तळाला स्वतःचा शिक्का मिरवत रवाना झाली. सोमवारपासून आभाराचे फोन सुरू झाले. औषधवाल्या शेठनी तर दिव्याखाली बसून फोटो पाठवला. भांडीवाल्यांकडून मात्र अवाक्षर नाही. दादा दिवसातून चारदा फोन उचलून तो चालू आहे ना, ते बघायचा.

वर्षअखेरची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून एक खोकं आलं. दादाने ते उघडलं. आत रद्दीच्या बोळ्यांत दिवा होता, आणि त्याच्या दुधी टोपीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

दादाने दिवा बाहेर काढून टेबलावर ठेवला. यंत्रावरचे सहाही जण हात पुसत दारात येऊन उभे राहिले. सोबतचं मोजपट्टीबाईंचं पत्र धाकटीने उचललं आणि आवाज शक्य तितका ताब्यात ठेवून वाचायला घेतलं.

"आमच्या नियमाप्रमाणे खरेदी विभागात कुणालाही पुरवठादाराकडून भेट घेता येत नाही. म्हणून दिवा परत पाठवत आहे. आपण आधी विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

हे मात्र खरं होतं. टॉवेलपासून घड्याळापर्यंत सगळा खल झाला, पण हा साधा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

"खोकं मात्र परत पाठवत नाही," धाकटीने पुढे वाचलं, आणि तिचा आवाज तिच्या ताब्यातून सुटला. "घड्या जरा फिरवून त्यात आमचे सहा कप बसवले आणि ते गोदामाच्या माळ्यावरून नऊ वेळा खाली टाकलं. नवव्या खेपेला एका कपाचा कान गेला, पण त्याआधी आमचा शिपाई चुकून त्या खोक्यावर बसला होता. खोकं ज्यांनी बनवलं, त्यांना सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सकाळी दहाला पाठवावं. पुलापलीकडच्यांशी बोलणी थांबवली आहेत. हे आधी का दाखवलं नाहीत?"

दारातल्या सहा जणांपैकी कुणीतरी मोठा श्वास सोडला. मिस्त्रींनी तडा गेलेला दिवा बाजूला ठेवला, ज्या खोक्यातून तो आला ते सवयीने उलटं केलं आणि दादापुढे धरलं. तळाला शिक्का होता. आपलाच. रोज यंत्रावर निघतं, ते नेहमीचं खोकं.

दादाने शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं ते कपाटावर होतं आणि मी खाली बसून कप का फुटतात म्हणून डोकं धरत होतो. चुकलंच माझं."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तिने दिवा उचलून नमुन्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, तड्याची बाजू भिंतीकडे केली आणि बटण दाबलं. छान लागत होता की.

दादा मागोमाग आला आणि दारात घुटमळला.

"पहिल्या दिवशी तू जाशीलच," तो म्हणाला. "मी येऊ का बरोबर?"

"बघू," धाकटी म्हणाली, आणि मिस्त्रींनी घाईघाईने तोंड यंत्राकडे वळवलं.