डोळे मिटून अंघोळ

आपल्यापैकी ज्यांनी राहत्या घरातलं बाथरूम फोडून नव्याने करून घेतलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. घरभर धूळ, दारात रेतीची पोती आणि घरातल्या प्रत्येकाचं एक स्वतंत्र मत! या कथेतल्या वहिनींचं तेच झालं होतं. एका विमा कार्यालयात त्या नोकरीला. वय अठ्ठेचाळीस. इमारतीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

बाथरूम फोडायची वेळ आली ती खालच्या मजल्यावरच्या सिस्टरमुळे. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. वहिनींच्या बाथरूममधलं पाणी त्यांच्या छतातून ठिबकत होतं. आठ महिने त्या जिन्यात गाठून तक्रार करत होत्या आणि आठ महिने वहिनी त्यांची चाहूल लागली की फोन कानाला लावत होत्या. शेवटी छताचा पोपडाच सिस्टरच्या बादलीत पडला, तेव्हा मात्र इलाज उरला नाही.

"होऊन जाऊ दे एकदाचं," वहिनी म्हणाल्या. मनातून त्यांना आनंदच झाला होता. चार वर्षं त्यांनी मोबाइलमध्ये बाथरूमचे फोटो जमवले होते. काळ्याभोर, आरशासारख्या चकचकीत टाइल्स. शॉवरखाली वीतभर उंच चौथरा, त्याला काचेची भिंत. बस्स, हेच हवं!

पण मिस्त्री पडले चौकस. दिसायला साधे, बोलायला हळू, आणि प्रश्न विचारायला लागले की थांबायचं नाव नाही.

"वहिनी, दार आत उघडतंय. बाहेर उघडणारं करू का? आत कुणी पडलं तर दार ढकलता येत नाही."

"कोण पडतंय?"

"बरं. हा उंबरा काढू का? जमीन सपाट ठेवून नुसता उतार देतो."

"फोटोत चौथरा आहे ना? मग चौथराच!"

"करतो. पण भिंत उघडी आहे तोवर आत भक्कम आधार भरून ठेवतो. उद्या धरायला दांडा लावावासा वाटला तर—"

वहिनींचा संयम सुटला. "अहो मिस्त्री, हे घर आहे की दवाखाना? पाहुणे आले तर काय म्हणतील? इथे कुणी आजारी नाही!"

सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वय शहात्तर, ताठ कण्याच्या. "माझ्यासाठी काही वेगळं नको हं. भाजी अजून मीच आणते."

"ऐकलंत?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा नवरा शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत होणारा गृहस्थ. तो म्हणाला, "बरोबर आहे." विषय संपला.

मिस्त्री मान हलवून कामाला लागले. आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. बारा दिवस अंघोळ कुठे करायची?

इमारतीत जवळचं आणि मोकळं बाथरूम एकच होतं. सिस्टरचं! जिला आठ महिने चुकवलं, तिच्याच दारात टॉवेल घेऊन उभं राहायचं, म्हणजे वहिनींच्या जिवावर आलं. सिस्टरनी मात्र आढेवेढे घेतले नाहीत. कागदावर वेळापत्रक लिहून दाराला चिकटवलं. मावशी, म्हणजे सासूबाई, सात ते सात वीस, वहिनी सात वीस ते साडेसात, वहिनींचा नवरा त्यानंतर. "आणि पाणी जपून वापरा. वरून येणारं बंद झालंय आता," एवढा एक चिमटा काढला.

पहिल्या दिवशी सासूबाई सातला आत गेल्या आणि आठला पाच कमी असताना बाहेर आल्या. वहिनींची बस चुकली. दुसऱ्या दिवशीही तेच! कार्यालयात साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी वहिनी पावणेआठला सिस्टरच्या बाथरूमबाहेर येरझारा घालत होत्या. आतून शॉवरचा आवाज येत होता, त्यावर चक्क गुणगुणणं!

वहिनींनी दार वाजवलं. "आई! अहो, घरी तुमची अंघोळ पाच मिनिटांत उरकते. इथे तास तास काय करता?"

शॉवर बंद झाला. गुणगुणणंही.

सिस्टर चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "पाच मिनिटांत?" त्यांनी विचारलं. "रोज?"

"रोज कुठलं? हल्ली आळसच करतात. एक दिवसाआड जातात. मीच सुगंधी पावडर आणून ठेवली. तोंडावर सांगायचं तरी कसं, सांगा."

सिस्टरनी कप खाली ठेवला. त्यांची नजर बदललेली वहिनींच्या लक्षात आली, पण कारण कळेना.

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. धुतलेले पांढरे केस खांद्यावर मोकळे, गाल लालसर, चेहरा असा टवटवीत की वहिनी बघतच राहिल्या. पण डोळे खाली झुकलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून लवकर आवरते."

"काही चुकलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मावशी, घरी केस कधी धुतले होते?"

 सासूबाई टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "केस धुवायचे तर डोळे मिटावे लागतात. डोळे मिटले की माझा तोल जातो. दोन वर्षं झाली. एका हाताने नळ धरायचा, दुसऱ्याने दोन मग अंगावर ओतायचे, ओल्या टॉवेलने अंग पुसायचं आणि बाहेर यायचं. त्यालाही धीर लागतो, म्हणून एक दिवसाआड. इथे बसायला फळी आहे. धरायला दांडा आहे. इथे मला डोळे मिटता आले गं."

वहिनी पुढे झाल्या. "आई, मला का नाही सांगितलंत? मी मदत केली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "तू दारात उभी राहिली असतीस. मला अंघोळीला कुणी दारात उभं नको होतं."

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. त्यांचं ते 'घर आहे की दवाखाना' खाली सिस्टरना ऐकू आलं होतंच. नेमकी तीच वेळ साधून सिस्टरनी मनातलं बोलून घेतलं.

"अहो, जिन्याला कठडा असतो ना? तो तुम्ही धरता, शाळेतली पोरं धरतात, पैलवानही धरतो. तेव्हा कुणी म्हणतं का, हा जिना आहे की दवाखाना? मग ओल्या, साबणाच्या जागी एक दांडा लावला की आपलं नाक कसं कापलं जातं?"

"सिस्टर, मला वाटायचं, या गोष्टी म्हातारपणी..."

"म्हातारपणी भिंत फोडायची? हे बाथरूम मी एक्कावन्नाव्या वर्षी केलं. तेव्हा मी जिना पळत चढायची. लोक हसले मला! मग लेक बाळंतपणाला आली, तिने तो दांडा धरला. नातवंडं त्या फळीवर बसून न्हाली. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा एक खिळासुद्धा ठोकावा लागला नाही. बाथरूममध्ये पडून वॉर्डात आलेली माणसं मोजायची मी केव्हाच सोडून दिली, वहिनी. आणि त्यांच्यात म्हातारेच असायचे असं नाही."

वहिनी ताडकन उठल्या. जिन्यावरून त्या धावतच वर गेल्या. मिस्त्री गुडघ्यावर बसून चौथऱ्याच्या विटा रचत होते, थापी भरून सिमेंट उचललेलं.

"थांबा! मिस्त्री, थांबा! चौथरा नको!"

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, पहिल्या दिवसापासून मी दुसरं काय विचारत होतो?"

त्या दिवशी वहिनींनी रजा टाकली. विटा निघाल्या, उंबरा निघाला. दार बाहेर उघडणारं ठरलं. जमिनीला खरखरीत टाइल्स आल्या. काळ्या टाइल्सवर मात्र वहिनींचा जीव होता, त्या समोरच्या एका भिंतीला लागल्या, आणि खरं सांगायचं तर शोभून दिसल्या. शॉवर खालीवर सरकवता येईल असा घेतला.

"दांडा किती उंचीवर?" नवऱ्याने विचारलं. "नियम काय आहे?"

"नियम आहे, पण माणूसही आहे," मिस्त्री म्हणाले. "आईंना बोलवा."

सासूबाई आल्या. उघड्या विटांच्या भिंतीसमोर त्यांनी बसून पाहिलं, उठून पाहिलं, आणि हात आपोआप जिथे टेकला तिथे मिस्त्रींनी पेन्सिलीने रेघ मारली. घरातल्या भिंतीवर कुठे काय असावं, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. त्यांनी रेघ नीट पाहिली. "अंमळ खाली घ्या," असं ठसक्यात सांगितलं. मिस्त्रींनी खाली घेतली.

मग मिस्त्री वळले. "आता तुम्ही, वहिनी."

"मी? मी कशाला?"

"ही भिंत आता वीस वर्षं तरी कुणी उघडणार नाही."

वहिनींनी मनातल्या मनात बेरीज केली. अडुसष्ट. क्षणभर त्या रागावल्या, मिस्त्रींवर की त्या आकड्यावर, त्यांनाच कळलं नाही. मग त्या पुढे झाल्या. त्यांनी डोळे मिटले, आणि हात भिंतीकडे नेला.

मंडळी, आपल्या घरातही कुणीतरी पाच मिनिटांत अंघोळ उरकत असेल, आणि आपण त्याला आळस म्हणत असू. बरं चाललंय ना, असं विचारून ती माणसं खरं सांगणार नाहीत, कारण त्यांना आपला आधार नको असतो, स्वतःची कडी स्वतः लावता यायला हवी असते. घर बांधताना, मोडताना, बदलताना ते आज राहणाऱ्या माणसांबरोबर उद्या होणाऱ्या माणसांसाठीही बांधा. उद्याचं ते माणूस परकं नाही. ते आपणच आहोत!