दोन शहरांमधलं अंतर

संगणकावरच्या खेळात बाबांचं राज्य नकाशावर नेहमी एका कोपऱ्यात, दाटीवाटीने. बस आगारात वेळापत्रकं बसवण्यात ज्यांचा जन्म गेला ते बाबा शहरंही थांब्यांसारखीच वसवायचे, एकावर संकट आलं की शेजारच्याची कुमक पुढच्याच फेरीत दारात हजर व्हावी अशी. ती शहरं एकमेकांची शेतं खायची आणि एकही धड बाळसं धरायचं नाही, पण बाबा निर्धास्त असायचे. त्यांच्या धाकट्या लेकीचं सगळंच उलटं. ती शहरांना हातपाय पसरायला ऐसपैस जागा सोडायची आणि चांगली नदी दिसली की थेट नकाशाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड धाडायची. नवं शहर वसवायला निघालेल्या माणसांच्या गाडीला त्या घरात बिऱ्हाड म्हणत.

दर रविवारी डाव मांडायचा, आणि संगणक एकच, म्हणून आळीपाळीने खेळायचं. एकाची फेरी चालू असताना दुसऱ्याने स्वयंपाकघरात बसायचं, कारण ज्याची फेरी त्याचा नकाशा पडद्यावर उघडा. फेरी संपवणारं बटण दाबून खुर्ची मागे सरकवली की दुसऱ्याने उठायचं. आई होती तेव्हा ती या दोघांना वेड्यांच्या यादीत घालायची.

या डावावर मात्र पैज लागली होती. धाकटीला दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली होती आणि सोमवारी होकार कळवायचा होता. थोरली लग्न होऊन साता समुद्रापार गेली ती फोनवर दिसण्यापुरतीच उरली, त्यामुळे बाबांनी धास्ती घेतली होती. तोंडाने ते जा म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत. एक दिवस आपली खाट बोळात काढून पुढची खोली रिकामी केली आणि तिथे दवाखाना छान चालेल, असं भिंतीकडे बघत म्हणाले. मग हसत हसत पैज घातली. तिचं नदीकाठचं टोकाचं शहर डाव संपेपर्यंत टिकलं तर तिने खुशाल जावं, पडलं तर पुढची खोली. धाकटीही हसली. पण बाबा थट्टेत बोलतात तेच खरं बोलतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि आता त्या शहराच्या वेशीवर बाबांचे घोडेस्वार येऊन बसले होते. हल्ला करत नव्हते, हलतही नव्हते. या खेळात नकाशावरच्या एका घरात कितीही तुकड्या असल्या तरी समोरच्याला फक्त सगळ्यात वरची दिसते, त्यामुळे खाली काय दडवलंय कोण जाणे. तोफा असणार, असं धाकटीने धरून ठेवलं होतं. तिच्या शहरात भाले घेतलेली एक तुकडी होती, ती तोफांपुढे काय टिकणार? गेले कित्येक रविवार तिच्या जिवाला घोर लागला होता.

ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होऊन डाव आज संपणार होता आणि उद्याच तो सोमवार होता. स्वयंपाकघरात बसून ती नखं खात होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला तशी ती उठली. बाबा दाराकडे जाताना दिसले, गॅसवाला आला होता. ती संगणकापुढे बसली. पडद्यावर बाबांचाच नकाशा होता. बटण दाबायचं राहिलं होतं.

उठून जायला हवं होतं. तिने ते केलं नाही. बाहेर बाबा गॅसवाल्याशी सिलिंडरच्या झाकणावरून हुज्जत घालत होते. ते घोडेस्वार तिच्या वेशीवरून हलवले तर आजचा दिवस निभावणार होता. तिने त्यांना उचललं आणि शेजारच्या दलदलीत नेऊन टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने बाबांशी लबाडी केली.

घोडेस्वार हटले आणि खालची तुकडी वर आली. तोफा नव्हत्या. बिऱ्हाड होतं.

तिने त्यावर माऊस नेऊन ते निवडलं. शहर वसवण्याचं बटण फिकट पडलेलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, दुसरं शहर फार जवळ आहे.

"माझे घोडेस्वार चिखलात काय करतायत?" बाबा मागे उभे होते.

धाकटीचं तोंड पडलं, आणि पाठोपाठ ती भडकलीच. इतके रविवार तिच्या तोंडचं पाणी पळवलं आणि खाली हे? बाबा स्टूल ओढून बसले. हल्लाच करायचा असता तर कधीच केला असता, म्हणाले. पण ती हरून थांबली असती तर रोज पडलेल्या चेहऱ्याने घरात वावरली असती, आणि ते त्यांना बघवलं नसतं.

"वाटलं, तुझ्या शेजारी एखादं छोटं शहर बसेल," ते म्हणाले. "खेळ ऐकतच नाही."

तिला रडू फुटणार होतं. एक घर मागे घ्या की बसेल, एवढं म्हटलं असतं तर बाबा तिथल्या तिथे खुलले असते. पण मागच्या डावात तिचं एक शहर बाबांच्या शहरांना इतकं खेटून होतं की लढाई न होताच हळूहळू त्यांच्या रंगाचं झालं होतं. शहरातली माणसं जवळच्या राज्याकडे ओढली जातात, तसा नियमच होता. आज बोलली नाही तर पुन्हा कधी बोलणं होणार नाही, हे तिला कळत होतं आणि बाबांचा चेहरा बघून जीभ रेटत नव्हती.

"मागे घ्या, बाबा," ती म्हणाली. "एवढ्या जवळ आलात तर माझं शहर माझं राहणार नाही."

बाबांना ते लागलं. मग त्यांनी माऊस हातात घेतला आणि बिऱ्हाड एक घर मागे नेलं.

"इथे?"

"अजून."

"अजून मागे गेलो तर तू दिसायची नाहीस."

"रस्ता बांधू. माझ्या बाजूने मी सुरुवात करते."

बाबांनी बिऱ्हाड टेकडीपलीकडच्या माळावर नेलं आणि तिच्याकडे बघितलं. तिने मधली घरं दोनदा मोजली.

"इथे."

त्यांनी शहर वसवलं, फेरी संपवणारं बटण न विसरता दाबलं आणि खुर्चीऐवजी स्टूल मागे सरकवलं. तिच्या फेरीसाठी ते स्वयंपाकघरात जातील असं तिला वाटलं होतं, पण ते बोळात गेले.

"आधी इकडे ये," त्यांनी तिथून हाक मारली. "खाट पुढच्या खोलीत न्यायची आहे. दुसरं टोक धर."