बुधवारचा पालोलो

माझी लेक इलिसापेता ऑकलंडला राहते आणि दर शुक्रवारी जगाला शहाणं करते. आपल्या पोरीला शाळेतून काढून घरीच शिकवायला लागली, तेव्हापासून इंटरनेटवर तिचं एक पान आहे. आठवडाभर इकडचं तिकडचं वाचते आणि त्यातलं चांगलं वेचून तिथं मांडते. कुठल्या पक्ष्याला किती रंग दिसतात, मुलांना खेळातून गणित कसं शिकवावं, जेवताना घरच्यांनी एकमेकांशी काय बोलावं. नऊ हजार लोक वाचतात म्हणे. ते पान आमच्या घरच्या ग्रुपवरही येतं. माझा मुलगा इओसुआ ते मला आमच्या भाषेत वाचून दाखवतो, कारण मला बायबलपलीकडे काही वाचता येत नाही, आणि तेही ओळीखाली बोट धरून.

जेवताना काय बोलावं हे तिला कुणा परक्या बाईकडून शिकावं लागलं! माझ्या घरात अकरा माणसं जेवायला बसायची. त्यात कुणी गप्प बसल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या ऑक्टोबरात तिनं पानावर आमच्या बेटाचा पालोलो मांडला. हा किडा समुद्रातल्या प्रवाळाच्या पोटात राहतो आणि वर्षातून एकदा पहाटे वर येतो. हिरव्या-तपकिरी शेवया उकळत घातल्यासारखं पाणी दिसतं. उजाडलं की सगळं विरून जातं. तेवढ्या वेळात जाळीनं उपसायचं, घरी आणून लोण्यात परतायचं. त्याचा दिवस गावाला चाळीस वर्षं मी सांगत आले. मोसोओईचं झाड फुलांनी कधी लवतं, पुनवेनंतर किती दिवस गेले, किनाऱ्याला तपकिरी फेस कधी लागतो, ते सगळं बघून. त्या पहाटे आम्ही बायका मोसोओईची माळ गळ्यात घालतो, त्या वासानं पालोलो वर येतो म्हणून. मी माळ घालून निघाले की गाव बादल्या घेऊन निघतं. पाद्रीसुद्धा.

तिच्या पानावर माझं नाव नव्हतं. कुणा प्राध्यापकाचा लेख होता, त्यात तारीख होती, बुधवारची. वर हिनं लिहिलं होतं, 'बघा, काय सुंदर गोष्ट सापडली!' माझ्या पोटच्या पोरीला पालोलो सापडला. इंटरनेटवर.

पण राग गिळला, कारण त्याच तारखेवर तिनं तिकिटं काढली होती. सोमवारी यायचं, बुधवारी पहाटे पालोलो बघायचा, दुपारी परत. बरोबर माझी नात फुआतिनो. अकरा वर्षांची, मी शेवटची पाहिली तेव्हा चार वर्षांची होती. माझे गुडघे आता संपलेत, पुढच्या वर्षी पाण्यात उतरेन याची खात्री नाही. या पोरीला एकदा माझ्या हातानं पालोलो दाखवायचा होता, बास. मच्छरदाणीचं कापड शिवून मी तिच्या उंचीची जाळी करून ठेवली होती.

सोमवारी जेवताना मी म्हटलं, "पेता, माझ्या हिशेबानं गुरुवार येतो."

"आई, तुझा हिशेब बोटांवरचा," ती हसली. "हे लोक उपग्रहावरून बघतात."

"कुठले ग हे लोक?"

"पागो पागोचे. म्हणजे आपलेच की."

मला लगेच उमगलं. पागो पागो समुद्रापलीकडच्या बेटावर, विमानानं अर्ध्या तासावर. पण कॅलेंडरात आमच्या एक दिवस मागे. ऑकलंडशी वार जुळावा म्हणून एका डिसेंबरात आमच्या सरकारनं एक शुक्रवार गिळला. गुरुवारी झोपलो आणि शनिवारी उठलो. तेव्हापासून त्यांचा बुधवार तो आमचा गुरुवार. पालोलोला कुणी कॅलेंडर दाखवलेलं नाही, तो आपल्या चंद्रावर येतो. पेता तेव्हा ऑकलंडला होती. तिचा शुक्रवार शाबूत राहिला.

इओसुआलाही कळलं असावं. त्यानं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं त्यात नीरफणसाची फोड घातली.

विचारलं असतं तर सांगितलं असतं. 'आई, तुला काय वाटतं?' एवढे चार शब्द. तिनं विचारले नाहीत.

बुधवारी पहाटे आम्ही किनाऱ्यावर गेलो. गाव झोपलेलं. दोन-चार तरुण पोरं होती, पेताचं पान वाचून आलेली.

"बघ, लोक येतच नाहीत आता," पेता पोरीला समजावत होती. "परंपरा विसरत चाललेत."

फुआतिनो जाळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, थंडीनं दात वाजत होते. मध्येच वळून म्हणाली, "आजी, तुझी माळ कुठंय? तू घालतेस ना?"

"फुलं खुडायची राहिली ग."

खोटं बोलले. झाड अंगणातच आहे, फुलांनी लवलेलं.

उजाडलं. जाळीत शेवाळाचा एक तुकडा आला. पोर रडली नाही. शेवाळ हातात धरून बघत राहिली, आणि तिच्या आईनं त्याचा फोटो काढला.

दुपारी गाडीत सामान चढत होतं, तेव्हा इओसुआ कानाशी आला. "आई, सांग आता तरी. ताई थांबणार नाही, पण पोरीला दोन दिवस ठेवून घेऊ. शनिवारी मी पोचवतो."

मी गाडीपाशी गेले. खरंच सांगायला गेले होते. पेतानं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, आई. तुमच्याकडे नुसते अंदाज होते, शिक्षण कुठं होतं? आता समुद्र बदललाय, ते अंदाजही गेले कामातून."

"जपून जा," मी म्हटलं.

गुरुवारी पहाटे मी माळ घातली. गाव आलं, पाद्री आला, आणि पालोलो आला. पागो पागोलाही त्यांच्या बुधवारी आला म्हणे. पाणी इतकं दाट की हात घातला तर दिसेना. मोठी जाळी पेलवेना, म्हणून फुआतिनोची घेतली. दोन बादल्या भरल्या. बायका म्हणाल्या, "तुझा दिवस चुकत नाही हो!" त्या दिवशी मला पालोलो गोड लागला नाही. तरी खाल्ला, टाकायचा नसतो.

शुक्रवारी इओसुआनं पान वाचलं. 'यंदा पालोलो आला नाही.' खाली पोरीचा शेवाळ धरलेला फोटो. मग समुद्र तापतोय त्यावरचे तीन लेख आणि मुलांना निराशा कशी समजवावी यावर एक. सहाशे लोकांनी रडके चेहरे पाठवले होते.

"झालं समाधान?" इओसुआ म्हणाला. आणि मी 'नको' म्हणेपर्यंत त्यानं आमच्या दोन बादल्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. तारखेसकट.

पेताचं काहीच आलं नाही. संध्याकाळी फुआतिनोचा आवाज आला, फोनमध्ये बोलून पाठवलेला.

"आजी, बुधवारी फुलं खुडायची राहिली नव्हती ना?"

एवढंच. रागही नव्हता त्यात. तिची आई जे विचारत नाही ते ती विचारत होती.

"बोल काहीतरी," इओसुआनं फोन पुढे केला. "हे दाबून धरायचं आणि बोलायचं."

मी दाबून धरलं. आयुष्यात मला शब्द कमी पडलेले नाहीत. गावात विचारा कुणालाही. बोट सुटलं तेव्हा नऊ सेकंद झाले होते आणि ते रिकामेच निघून गेले.

तिनं ऐकले. दोन निळ्या खुणा आल्या.